वाहतूक परवाना कोणाच्या हातात?

२६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंजचं पोलीस ठाणं. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, गडचिरोली जिल्हा व्हायला अजून दहा वर्षं होती. मजुरी करून पोट भरणारी एक अनाथ आदिवासी मुलगी भावाच्या तक्रारीवरून जबानीसाठी ठाण्यात आली होती. डॉक्टरांच्या अंदाजानं तिचं वय चौदा ते सोळा. सोबतच्यांना बाहेर जायला सांगून तिला एकटीला आत थांबवून घेतलं. पुढचं साऱ्या देशाला माहीत आहे. तिच्यावरच्या बलात्काराचा तो खटला तिच्या नावानंच ओळखला जातो, वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते नाव पाठ असतं. मी ते इथं लिहीत नाही. ते वापरायची परवानगी तिला कुणी विचारली नव्हती.

त्या रात्रीनंतर सहाव्या दिवशी, १ एप्रिल १९७२ ला, वैद्यकीय गर्भपाताचा कायदा अमलात आला.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी तसा काही संबंध नाही. एक ठाण्यातली, दुसरी संसदेतली. तरीही मी या तारखा शेजारी शेजारी ठेवते, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच होता: बाईच्या शरीराबद्दल बाई जे सांगते ते पुरेसं आहे का? चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं १९७४ मध्ये सांगितलं, मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, म्हणजे तिची संमती होती. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला, भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे असं बजावलं आणि शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं अंगावर जखमा नाहीत हे पाहून आरोपींना पुन्हा सोडलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये पुराव्याच्या कायद्यात ११४-अ हे कलम आलं. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी शरीरसंबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि ‘माझी संमती नव्हती’ असं बाईनं सांगितलं, तर न्यायालयानं आधी ते खरं धरून चालायचं. बाईच्या शब्दाला कायद्यात वजन आलं ते असं, देसाईगंजच्या वाटेनं.

गर्भपाताच्या कायद्यात ते वजन अजून आलेलं नाही. मला या लेखात एवढंच सांगायचं आहे, बाकी सारं त्याचं स्पष्टीकरण आहे.

त्या कायद्याचं मुख्य कलम नीट वाचून पाहावं. अमुक अटी पाळून गर्भपात केला तर नोंदणीकृत डॉक्टर गुन्ह्याचा दोषी ठरणार नाही, असं ते सांगतं. या वाक्याचा कर्ता डॉक्टर आहे. बाई वाक्यात आहे, पण कर्म म्हणून. १८६० च्या दंडसंहितेनं ३१२ व्या कलमात गर्भपाताला गुन्हा ठरवलं होतं आणि स्वतःहून गर्भ पाडणाऱ्या बाईलाही त्यात धरलं होतं. १९६४ मध्ये महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनं चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरतात हे सरकारपुढे मांडलं, आणि त्यातून १९७१ चा कायदा आला. त्यानं असंख्य जीव वाचवले, हे मान खाली घालून मान्य करते. पण त्यानं गुन्हा पुसला नाही, गुन्ह्यात डॉक्टरपुरती एक खिडकी उघडली. दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून न्यायसंहिता आली, तीत हेच कलम ८८ क्रमांकानं जसंच्या तसं बसलं आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. कायद्याच्या काटेकोर अर्थानं यातल्या बहुतेक बायका गुन्हेगार ठरतात. ज्या कायद्यानं कोटभर बायका वर्षाला गुन्हेगार ठरतात, त्या कायद्यातच काही चुकलेलं आहे.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला मेंढा-लेखाचं उदाहरण पुरतं. धानोरा तालुक्यातल्या या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, सारे त्याला टीपी म्हणतात, आणि टीपीचं पुस्तक राहिलं वनखात्याकडे. म्हणजे बांबू तुमचा, फक्त तो हलवायचा की नाही ते साहेब ठरवणार. देवाजी तोफा आणि त्यांच्या ग्रामसभेनं दोन वर्षं हा झगडा दिला. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. हक्क खरा झाला तो त्या दिवशी.

गर्भाशयाच्या बाबतीत बाई आज २००९ ते २०११ मधल्या मेंढा-लेखासारखी आहे. प्रजननाचा निर्णय हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्येच सांगितलं. २०२१ च्या दुरुस्तीनं ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ या शब्दांच्या जागी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द घातले, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरेसं केलं, आणि ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मतानं चोवीस आठवड्यांची मुभा दिली. २९ सप्टेंबर २०२२ ला न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठानं ही मुभा अविवाहितेलाही लागू केली आणि लग्नातल्या बलात्कारातून राहिलेला गर्भही तीत धरला. जंगल तिचं आहे हे वारंवार मान्य झालं. पुस्तक मात्र अजून साहेबांकडेच आहे, आणि भामरागडला साहेब जागेवर असतीलच याचा भरवसा नाही.

कायदा आठवड्यांनी मोजतो, म्हणून आपणही आठवडेच मोजू. ही कुणा एका बाईची कहाणी नाही, साधा हिशेब आहे. एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातला एखादा टोला डोळ्यांपुढे आणा. बाईला तीन लेकरं आहेत, चौथं नको आहे. तिची शेवटची पाळी जूनच्या मध्यावर आली. गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, त्यामुळे जुलैत पाळी चुकते त्याच दिवशी कागदावर चार आठवडे संपलेले असतात. जुलै म्हणजे रोवणी. सारं गाव बांधीत वाकलेलं असतं, एक पाळी चुकली म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही. ऑगस्टात दुसरी पाळी चुकते, तेव्हा नववा आठवडा लागलेला असतो. गोळ्यांनी गर्भपात करण्याची कायदेशीर मुदत नऊ आठवड्यांचीच. याच दिवसांत पर्लकोटा नदीला पूर येतो, पूल पाण्याखाली जातो आणि भामरागड तुटतं. २०२४ च्या पावसाळ्यात याच तालुक्यात एका गर्भवतीला जेसीबीच्या खोऱ्यात बसवून नाला पार करावा लागला, आणि ती तर बाळंतपणाला निघाली होती. नको असलेल्या गर्भासाठी कोण जेसीबी आणणार?

सप्टेंबरात आशाताई तपासणीची पट्टी लावते, दोन रेघा येतात. बारावा आठवडा. इथून सरकारी यंत्रणा झपाट्यानं कामाला लागते. नाव नोंदलं जातं, माता-बाल संरक्षण कार्ड हाती येतं, लोहाच्या गोळ्या, इंजेक्शनं, तारखा, नवव्या महिन्यात राहायला आरोग्य केंद्राजवळ माहेरघर. यातली एकेक सोय मोलाची आहे, ती उभी करायला माणसं झिजली आहेत. पण ‘ठेवायचं आहे का?’ हा प्रश्न या वाटेवर तिला कुणी विचारत नाही. तिनंच धीर करून सांगितलं, तर तिला ग्रामीण रुग्णालयाकडे, तिथून सोनोग्राफीच्या वाराला परत बोलावून, तिथून गडचिरोलीला पाठवलं जातं. कुणीतरी नवऱ्याची सही मागतो. कायद्यात ती कुठंच लागत नाही, तरी मागतो. नवरा येईपर्यंत धान कापणीला आलेलं असतं. नोव्हेंबर उजाडतो, आणि विसावा आठवडा संपतो. रोवणीला चुकलेली पाळी कापणीपर्यंत कायद्याबाहेर जाते.

पुढे उरतं न्यायालय. आमच्यासाठी ते नागपूरला. सिरोंच्याहून तिथं पोचायला जवळपास साडेतीनशे किलोमीटर, दवाखान्यासाठीसुद्धा तिथली माणसं प्राणहिता-गोदावरी ओलांडून तेलंगणात जातात. आठवडे ओलांडल्यावर नागपूरला अर्ज करणारी बाई म्हणजे शेकड्यांमधली एखादी, जिला वकील मिळाला. बाकीच्या निमूट बाळंत होतात किंवा वैदूकडे जातात.

यावर एक उत्तर नेहमी ऐकायला मिळतं: आमच्या आदिवासी बायका हे मागतच नाहीत, ही शहरातल्यांची मागणी आहे. हे उत्तर गडचिरोली जिल्ह्यानंच एकदा खोटं पाडलेलं आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध केली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते. त्याआधी त्यासाठी कधी तपासणी झाली होती ती फक्त ८ टक्क्यांची. त्यांनीही काही मागितलं नव्हतं. विचारणारं माणूस दारात आलं तेव्हा त्या बोलल्या, आणि गडचिरोलीच्या दोन गावांतलं हे दुखणं जगाला पहिल्यांदा कळलं.

आणि माडिया गावांत तर बाईला उशिरा कळतं असंही नाही. पाळीच्या दिवसांत बाई गावाच्या कडेच्या कुर्माघरात राहते. त्या कोंदट झोपडीबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, ती प्रथा जावी असं मलाही वाटतं. पण तिची एक बाजू आरोग्य खात्यानं कधी ध्यानात घेतलेली नाही. एखादी या महिन्यात कुर्माघरात आली नाही, हे गावातल्या सगळ्या बायकांना त्याच आठवड्यात कळतं. म्हणजे खबर चौथ्या-पाचव्या आठवड्यात गावात असते, आणि औषध गावापर्यंत पोचतच नाही. उशीर बाईकडून झालेला नाही.

आता त्या औषधाबद्दल. तळहातावर मावेल एवढं पाकीट, त्यात पाच गोळ्या. एक मिफेप्रिस्टोनची, चार मिसोप्रोस्टॉलच्या. भारतात मिफेप्रिस्टोनला २००२ मध्ये परवानगी मिळाली. लवकर आणि देखरेखीखाली दिल्या तर या गोळ्या अत्यंत सुरक्षित आहेत, चाकू-सुरी नाही, भूल नाही. त्यातलं मिसोप्रोस्टॉल तर बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला आमच्या नर्सताई आजही वापरतात. तरीही महाराष्ट्रातल्या बहुतेक औषध दुकानांनी हे पाकीट ठेवणंच सोडून दिलं आहे. कारण बीड आणि सांगली. २०१२ मध्ये परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आलं, २०१७ मध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. मुलींच्या कत्तलीनं हादरलेल्या सरकारनं जिथं गर्भपात दिसेल तिथं छापे घातले, आणि औषध दुकानदारांनी कटकट नको म्हणून हात झटकले.

लिंगनिदानाविरुद्धच्या लढाईबद्दल मला आदर आहे. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ मध्ये. पण रोग एकीकडे आणि डाग दुसरीकडे, असं झालं आहे. नवव्या आठवड्याच्या आत सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कळत नाही. या गोळ्या घेणारी बाई मुलगी पाडत नसते, गर्भ पाडत असते. आणि २०११ ची जनगणना पाहा: सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागे बीडमध्ये ८०७ मुली होत्या, गडचिरोलीत ९६१, चंद्रपुरात ९५३. ज्या जंगलातल्या लोकांनी मुलगी कधी ओझं मानली नाही, त्यांच्या बायकांना बीडच्या पापाची शिक्षा आपण देतो आहोत. गर्भ मुलीचा म्हणून पाडणं आणि आपल्याला नको म्हणून पाडणं यांतला फरक ज्यांना करता येत नाही, त्यांनी दोन्ही कायदे पुन्हा वाचावेत.

याहून अवघड गाठ पोक्सोची, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याची आहे. २०१२ च्या या कायद्यानं संमतीचं वय सोळावरून अठरा केलं, आणि १९ व्या कलमानं अठराखालच्या संबंधांची खबर पोलिसांना देणं सगळ्यांवर बंधनकारक केलं. डॉक्टरनं ती दिली नाही तर डॉक्टरला तुरुंगवास होऊ शकतो. गोंड-माडिया समाजात पसंतीनं एकत्र राहायला लागणं आणि लग्नाचा विधी पुढं ऐपतीनं करणं यात कुणाला वावगं वाटत नाही. सतरा वर्षांची अशी मुलगी दिवस गेल्यावर दवाखान्यात आली, तर तिच्यासमोर दोनच वाटा असतात. एक, पोलीस येणार, एकोणीस वर्षांचा तिचा जोडीदार बलात्काराच्या गुन्ह्यात आत जाणार. दुसरी, गुपचूप उठून निघून जायचं. ती दुसरी वाट धरते, आणि वैदूच्या काडीनं तिच्या पिशवीत जंतू जातात. नक्षलवादी आणि पोलीस यांच्यामध्ये चाळीस वर्षं भरडल्या गेलेल्या या मुलखात ठाण्याची पायरी चढणं म्हणजे काय, हे मुंबईत बसून कळायचं नाही. ज्या मुलखातली मुलगी जबानीसाठी ठाण्यात गेली आणि तिच्यावर ते गुदरलं, त्याच मुलखात आज मुलीच्या दवाखान्याच्या वाटेवर आपण ठाणं बांधून ठेवलं आहे.

याची दुसरी बाजू मला ठाऊक आहे, आणि ती हलकी नाही. २०१९ मध्ये राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरचे अत्याचार बाहेर आले, तेव्हा सारा चंद्रपूर जिल्हा सुन्न झाला होता. अशा ठिकाणी डॉक्टरनं तोंड उघडलंच पाहिजे, तिथलं मौन हाही गुन्हाच. मग दोन्ही साधायचं कसं? सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानं वाट दाखवली आहे: डॉक्टरनं खबर द्यावी, पण मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर मुलीचं नाव आणि ओळख उघड करण्याचं कारण नाही. माझं म्हणणं त्यापुढे एक पाऊल आहे. आधी उपचार, मग कागद. सोळा ते अठरा वयातलं प्रेम आणि वसतिगृहातला अत्याचार यांना एकाच कलमाखाली घालणं कायद्यानं सोडलं पाहिजे. हा विचार आपल्याकडे नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, तेव्हा फसलेल्या विधवांना गुप्तपणे येऊन बाळंत होण्याची सोय केली होती. बाईला आधी आत घ्यायचं, ही शहाणीव दीडशे वर्षांपूर्वी होती.

आणि गर्भाचं काय? त्याला जीव नाही का? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी धर्मांध म्हणणार नाही. पोटात पाय हलवणाऱ्या जिवाबद्दल कुणाला काही वाटत नसेल तर ते बरं लक्षण नव्हे. माझ्या मते गर्भाचं मोल दिवसागणिक वाढत जातं, आणि तो बाहेर जगू शकेल अशा टप्प्यावर आला की समाजालाही बोलण्याचा काही हक्क येतो. पण म्हणूनच पहिले आठवडे बाईच्या हाती निःशंक सोपवले पाहिजेत. उशिराचा गर्भपात कुणालाच नको असतो, बाईला तर सर्वांत नको असतो. तो होतो कारण लवकरचं दार बंद होतं. बेळगावच्या सविता हलप्पनवार यांना २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असूनही गर्भपात नाकारला गेला, आणि त्या गेल्या. त्या देशानं २०१८ मध्ये सार्वमत घेऊन घटना बदलली आणि पहिल्या बारा आठवड्यांत बाईनं मागितलं की गर्भपात, असा कायदा केला. त्यांना जे एका मृत्यूनं कळलं, ते कळायला आपल्याला आणखी किती मृत्यू लागणार आहेत?

आपली न्यायालयं मात्र उशिराच्याच प्रकरणांत गुंतून पडली आहेत. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकिता मेहता यांना चोविसाव्या आठवड्यानंतर परवानगी नाकारली. जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं तेहतिसाव्या आठवड्याच्या आसपास, वैद्यकीय मंडळाचं मत बाजूला ठेवून, निर्णय त्या बाईचाच असं सांगितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सव्विसाव्या आठवड्यात नकार दिला. बाईचं नशीब अर्ज कुणापुढे लागला यावर ठरतं. त्याहून मला खटकतं ते वेगळंच. जून २०२२ मध्ये नागपूर खंडपीठानं निरीक्षणगृहातल्या एका अल्पवयीन मुलीला सोळाव्या आठवड्यात परवानगी दिली. निकाल योग्यच होता. पण सोळावा आठवडा! कायद्यानं तिथं पालकाची संमती आणि एका डॉक्टरचं मत पुरेसं होतं. हायकोर्टात जायची पाळी यावी, इतकी आमची यंत्रणा भेदरलेली आहे.

सिकलसेलचा उल्लेख केल्याशिवाय इथला प्रश्न पुरा होत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार घरोघर आहे, चंद्रपुरात त्यासाठी आयसीएमआरचं केंद्र आहे, १ जुलै २०२३ पासून निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान चालू आहे. गर्भाला आजार आहे का, हे आता आधी तपासता येतं. गर्भात दोष असेल तर मुदत चोवीस आठवडे, आणि दोष गंभीर असून वैद्यकीय मंडळानं मान्यता दिली तर त्यापुढेही. म्हणजे बाळ आजारी असेल तर निर्णयाला सवड आहे. बाई आजारी, दमलेली, उपाशी असेल तर नाही. अपंगांच्या चळवळीतली माणसं यावर चिडतात ती उगीच नाही. सिकलसेलचं लेकरू वाढवायचं ठरवणाऱ्या आईला औषध, रक्त, आधार मिळाला पाहिजे, आणि नको म्हणणारीला दोष न देता वाट मिळाली पाहिजे. यादीत बसणारं कारण तिच्याकडे आहे की नाही, हे तपासणं बंद व्हावं.

कारण प्रजननाचा हक्क ‘नको’ एवढाच नाही, ‘हवं’ म्हणण्याचाही आहे. माडिया मुळात थोडे, त्यांना गर्भपात कशाला शिकवता, असं आदिवासी कार्यकर्ते विचारतात तेव्हा त्यामागं खरी भीती असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये शेजारच्या छत्तीसगडात, बिलासपूर जिल्ह्यातल्या शिबिरात एका दिवसात ८३ बायकांची नसबंदी उरकली आणि त्यानंतर १३ जणी मेल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरं बंद करायला सांगावं लागलं. बाईला आकडा समजलं की असं होतं, मग तो लोकसंख्या कमी करायचा आकडा असो की जमात वाढवायचा. जमात टिकवायची असेल तर कुपोषण आणि बालमृत्यू थांबवा. बाईच्या इच्छेविरुद्ध तिच्या पोटातून जमात वाढवू नका.

मागणी म्हणून सांगायचं तर फार थोडं आहे. पहिल्या बारा आठवड्यांत बाईचं मागणं हेच कारण मानावं. नऊ आठवड्यांपर्यंतच्या गोळ्या देण्याचं शिक्षण आणि अधिकार नर्स आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावा. कायद्याच्या दुरुस्तीच्या २०१४ च्या मसुद्यात केंद्र सरकारनं असं काही सुचवलं होतं, डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि ते बारगळलं. नेपाळनं आपल्याहून गरीब असताना, आपल्यासारख्याच डोंगरदऱ्यांत, प्रशिक्षित नर्सांच्या हाती हे काम दिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२२ मध्ये तेच सांगितलं. आणि न्यायसंहितेच्या ८८ व्या कलमातून स्वतः बाईला वगळावं. टीपीचं पुस्तक ज्याचं त्याच्या हाती जावं, एवढंच.

ते होईल तेव्हा होईल. तोवर जो कायदा आहे, तोच इथल्या बायकांपर्यंत पोचलेला नाही. २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट बजावलं आहे की कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत. म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्हा परिषदांना माझी विनंती आहे, प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी, मराठीत, गोंडीत, माडियात आणि सिरोंच्याकडे तेलुगूत एवढं लिहून घ्या: अठरा वर्षांवरच्या बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही, सासऱ्याची लागत नाही, पोलिसांची चिठ्ठी लागत नाही. वीस आठवड्यांपर्यंत कोर्टात जावं लागत नाही, एका डॉक्टरचं मत आणि तिची स्वतःची सही पुरते. तिचं नाव बाहेर सांगणाऱ्या डॉक्टरला शिक्षा आहे.